अँटीफॉस्फोलिपिड चाचणी पॉझिटिव्ह आली आहे. बारा आठवडे थांबायचे म्हणजे नेमके काय?

कृष्णाकाठची

नमस्कार. मी सांगलीची, वय ३१. आजवर इथे फक्त वाचत आले. पहिल्यांदाच धागा काढते आहे, कारण हे कोणाशी बोलावे ते कळत नाही. माझे पहिले दोन गर्भ सातव्या-आठव्या आठवड्यात गेले. तिसऱ्या वेळी सगळे सुरळीत चालले होते. एकोणिसाव्या आठवड्यात सोनोग्राफीला गेले, तेव्हा डॉक्टरांनी यंत्र बराच वेळ पोटावर एकाच जागी धरून ठेवले, पडदा स्वतःकडे वळवून घेतला आणि नवऱ्याला आत बोलावून घ्या असे सांगितले. बाळाचे ठोके थांबले होते.

कळा आणून बाळंतपण करावे लागले. बाळाच्या अवयवांत काही दोष नव्हता. वार मात्र तपासायला पाठवली गेली नाही. ती पाठवायची असते हे आम्हाला फार उशिरा समजले. मला ताप होता, म्हणून सलाइनमधून औषधे चालू होती आणि पायात गुठळी होऊ नये म्हणून सकाळ-संध्याकाळ पोटात इंजेक्शन देत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी, इंजेक्शन देऊन दोन-तीन तास झाले असतील, तेव्हा हाताला लावलेल्या सलाइनच्या सुईतूनच रक्त घेतले. अहवालात तीन गोष्टी होत्या. ल्युपस अँटीकोॲग्युलंट ‘आढळले’. कार्डिओलिपिनविरोधी प्रतिपिंडे (अँटीबॉडी) आयजीजी प्रकारची ६२, आयजीएम प्रकारची सामान्य. बीटा-२ ग्लायकोप्रोटीन-१ विरोधी प्रतिपिंडे दोन्ही सामान्य.

डॉक्टरांनी बारा आठवड्यांनी पुन्हा तपासू एवढेच सांगितले. इकडे घरात ‘ल्युपस’ या शब्दाने धुमाकूळ घातला आहे. नणंदेने मोबाइलवर वाचून सर्वांना सांगितले की मला आयुष्यभराचा आजार आहे. सासूबाई काही बोलत नाहीत, पण त्यांनी माझ्या माहेरी फोन करून ‘तुमच्याकडे कोणाला होते का’ असे विचारले. आता चार आठवडे झाले. मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. मला ल्युपस आहे का? ही चाचणी चुकू शकते का? आणि जर आजार असेल, तर उपचार आजच सुरू न करता तीन महिने वाट का पाहायची?

लघुदर्शी

ताई, जे घडले त्याचे फार वाईट वाटले. मी पॅथॉलॉजिस्ट आहे आणि रक्त गोठण्याच्या चाचण्या हेच माझे रोजचे काम आहे, त्यामुळे चाचणीपुरते सविस्तर लिहितो.

आधी नावाचा घोळ दूर करतो, कारण या नावाने पुष्कळ घरांत विनाकारण रडारड झालेली मी पाहिली आहे. १९५२ मध्ये अमेरिकेत कॉन्ली आणि हार्टमन या डॉक्टरांना ल्युपसच्या (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते त्या आजाराच्या) दोन रुग्णांच्या रक्तात असे काही सापडले, की ज्यामुळे नळीतले रक्त गोठायला जास्त वेळ लागत होता. पुढे १९७२ मध्ये त्याला ‘ल्युपस अँटीकोॲग्युलंट’ (अँटीकोॲग्युलंट म्हणजे रक्त गोठू न देणारे) हे नाव मिळाले आणि तेच चिकटले. हे प्रतिपिंड ज्यांच्यात सापडते त्यांतल्या अनेकांना ल्युपस नसतोच. शिवाय शरीरात ते रक्त पातळ करत नाही, उलट गुठळी होण्याचा धोका वाढवते. म्हणजे नावातले दोन्ही शब्द दिशाभूल करणारे आहेत. ल्युपस आहे की नाही हे ठरवायला वेगळ्या तपासण्या आणि वेगळी लक्षणे पाहावी लागतात. या एका ओळीवरून तो ठरत नाही.

नळीत उशीर आणि शरीरात गुठळी, हा विरोधाभास कसा, ते सांगतो. रक्त गोठवणारे घटक फॉस्फोलिपिड नावाच्या स्निग्ध पदार्थाच्या पृष्ठभागावर बसून एकमेकांना चालना देतात. परीक्षानळीत आपण हा पदार्थ मोजून, मुद्दाम कमी घालतो. प्रतिपिंडे त्यावरच्या जागा अडवून बसतात आणि गोठण्याला वेळ लागतो. शरीरात मात्र तीच प्रतिपिंडे रक्तवाहिनीचे अस्तर, प्लेटलेट आणि वारेच्या पेशी यांना चेतवतात, आणि तिथे परिणाम उलटा होतो.

या चाचणीत आपल्या मातीतला एक जीव कामाला येतो. ल्युपस अँटीकोॲग्युलंटसाठी दोन वेगवेगळ्या पद्धतींनी तपासावे असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे: एक एपीटीटीवर (रक्तद्रव गोठायला लागणारा वेळ मोजणाऱ्या नेहमीच्या चाचणीवर) आधारलेली आणि दुसरी घोणसाच्या विषावर आधारलेली. घोणस म्हणजे ज्याला इंग्रज पॅट्रिक रसेलच्या नावाने ओळखतात तोच साप. रसेल अठराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीकडे मद्रास इलाख्यात होता आणि त्याने हिंदुस्थानातील सापांवर ग्रंथ लिहिला. या विषात रक्त गोठवणाऱ्या दहाव्या घटकाला थेट जागे करणारे द्रव्य असते. शेतात घोणस चावलेल्या माणसात हे घटक झपाट्याने वापरले जाऊन संपतात आणि मग रक्त गोठेनासे होते. म्हणूनच ग्रामीण रुग्णालयात काचेच्या स्वच्छ नळीत रक्त वीस मिनिटे ठेवून ते गोठते का हे पाहतात. प्रयोगशाळेत तेच विष अतिशय विरळ करून रक्तद्रवात घालतो आणि सेकंद मोजतो. वेळ लांबला, तर रुग्णाचे रक्तद्रव निरोगी रक्तद्रवात मिसळून पुन्हा मोजतो. एखादा घटक कमी असेल तर निरोगी रक्तद्रव तो पुरवते आणि वेळ सुधारतो. प्रतिपिंड असेल तर मिसळूनही वेळ लांबलेलाच राहतो. शेवटी फॉस्फोलिपिड भरपूर घालतो, आणि आता वेळ आखूड झाला तर अडथळा फॉस्फोलिपिडलाच होता हे सिद्ध होते.

आता तुमच्या नमुन्याबद्दल. पोटात दिलेले इंजेक्शन बहुधा हिपॅरिनच्या जातीचे होते. चाचणीच्या रसायनात हिपॅरिन निष्प्रभ करणारे द्रव्य घातलेले असते, पण त्याला मर्यादा असते. इंजेक्शननंतर दोन-तीन तासांत रक्तातले हिपॅरिन वाढतच असते, आणि सुई मोकळी राहावी म्हणून ती हिपॅरिनने धुतली जात असेल, तर त्यातून घेतलेल्या नमुन्यात त्याची आणखी भर पडते. शिवाय ताप होता. तापात वाढणारे सीआरपी हे प्रथिन एपीटीटीच्या पद्धतीत खोटा होकार देऊ शकते. अशा तीन-तीन अडचणी असलेल्या नमुन्यावरचा ल्युपस अँटीकोॲग्युलंटचा ‘आढळले’ हा शेरा मी स्वतः ग्राह्य धरला नसता. मात्र कार्डिओलिपिनचा ६२ हा आकडा एलायझा (गोठण्याचा वेळ न पाहता थेट प्रतिपिंडे मोजण्याच्या) पद्धतीचा असतो आणि त्याच्यावर हिपॅरिनचा परिणाम होत नाही. तो आकडा गंभीरपणे घ्यायला हवा आणि पुन्हा तपासायला हवा.

पुन्हा तपासणे आवश्यक आहे, कारण कुठल्याही मोठ्या संसर्गानंतर अशी प्रतिपिंडे काही काळ उमटू शकतात आणि बहुधा आपोआप ओसरतात. मलेरिया, कावीळ ‘सी’, कुष्ठरोग, एचआयव्ही, कोविड, या सगळ्यांत हे दिसलेले आहे. किमान बारा आठवड्यांच्या अंतराने घेतलेल्या दोन नमुन्यांत जे टिकून राहते, त्यालाच अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोमचा, म्हणजे या प्रतिपिंडांमुळे गुठळ्या होण्याच्या किंवा गर्भ जाण्याच्या आजाराचा, पुरावा मानतात.

जुनी_शिक्षिका

या विषयाशी माझा संबंध वेगळ्या वाटेने आला. १९८८ साली पहिल्या खेपेला नाव नोंदवले तेव्हा रक्ताच्या नेहमीच्या तपासणीत माझी व्हीडीआरएल चाचणी पॉझिटिव्ह आली. ही गुप्तरोगाची चाचणी. तालुक्याच्या गावात हे किती लपणार? कंपाउंडरने ज्या नजरेने कागद हातात दिला ती नजर मला आजही आठवते. यजमानांची चाचणी केली, ती निगेटिव्ह आली, आणि मग संशयाचे बोट एकट्या माझ्याकडे वळले. सासरी माझे ताट-वाटी वेगळे झाले. ते मूल सातव्या महिन्यात गेले, आणि ‘पाप फळले’ हे शब्द मी स्वतःच्या कानांनी ऐकले.

पुढे कितीतरी वर्षांनी, पायातल्या गुठळीच्या निमित्ताने एका डॉक्टरांनी सगळे जुने कागद मागवले आणि तो कागद पाहून थांबले. त्यांनीच समजावले की मला तो रोग कधीच नव्हता; तो होकार खोटा होता, आणि तोच या आजाराचा पहिला पुरावा होता. माझ्या सासूबाई तोवर गेल्या होत्या. ताई, तुझ्या घरच्यांना हे वाचायला दे. रक्ताच्या एका ओळीवरून माणसाची परीक्षा करू नये, हे मी भोगून सांगते आहे.

लघुदर्शी

जुनी_शिक्षिका, तुमच्यावर झालेला अन्याय वाचून मन विषण्ण झाले. यामागचे कारण इथे नोंदवतो. व्हीडीआरएलच्या रसायनातला मुख्य पदार्थ कार्डिओलिपिनच असतो; १९४१ मध्ये मेरी पँगबोर्न यांनी तो बैलाच्या हृदयापासून वेगळा केला, म्हणून त्याच्या नावात हृदय आले. त्याच पदार्थाला चिकटणारी प्रतिपिंडे रक्तात असली की त्या रोगाचा मागमूस नसताना चाचणी होकार देते. १९८३ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात ग्रॅहम ह्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही प्रतिपिंडे थेट मोजण्याची पद्धत बसवली, त्याचा उगमही कार्डिओलिपिनच्या याच ओळखीत आहे. गरोदर स्त्रीची व्हीडीआरएल पॉझिटिव्ह आली तर टीपीएचएसारखी खात्रीची चाचणी केल्याशिवाय कोणीही निष्कर्ष काढू नये. ती निगेटिव्ह आली आणि आधी गर्भ गेलेले असतील, तर अँटीफॉस्फोलिपिडचा विचार व्हायलाच हवा.

सह्यकडा

आमच्या तालुक्यात या चाचण्या होत नाहीत. लॅबचा मुलगा घरी येऊन रक्त नेतो आणि संध्याकाळच्या एसटीने जिल्ह्याला पाठवतो. असे चालते का?

लघुदर्शी

कार्डिओलिपिन आणि बीटा-२ यांसाठी बहुधा चालेल, कारण त्या साध्या नळीतल्या सीरमवर होतात. ल्युपस अँटीकोॲग्युलंटसाठी अजिबात चालणार नाही. त्याला फिकट निळ्या बुचाची, ३.२ टक्के सायट्रेटची नळी लागते आणि ती खुणेपर्यंत भरावी लागते, कारण नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट हे प्रमाण बिघडले की वेळ बिघडतो. रक्त घेतल्यापासून चार तासांच्या आत ते यंत्रात दोनदा फिरवून त्यातल्या प्लेटलेट जवळजवळ सगळ्या काढाव्या लागतात. प्लेटलेट राहिल्या तर त्यांच्या आवरणातले फॉस्फोलिपिड प्रतिपिंडांना शोषून घेते आणि खरा होकार नकार होऊन बसतो. बर्फावर ठेवलेले अख्खे रक्त हाही उपाय नाही. गोठवायचे ते फक्त वेगळे काढलेले रक्तद्रव. म्हणून माझे सांगणे असे, की या एका चाचणीसाठी रुग्णाने स्वतः लॅबमध्ये जावे, मग दोन तासांचा प्रवास का होईना. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची इम्युनोहिमॅटॉलॉजीची संस्था आहे, आणि मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयांतही विचारता येईल.

खाडीपलीकडचा

हा फक्त स्त्रियांचा आजार नाही, हे सांगण्यासाठी लिहितो. मी ३८ वर्षांचा पुरुष. दोन वर्षांपूर्वी डावी पोटरी सुजली, रंगीत सोनोग्राफीत गुठळी दिसली आणि रिव्हारोक्साबॅन या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या. महिन्याभराने कोणीतरी ल्युपस अँटीकोॲग्युलंट तपासायला सांगितले. सकाळची गोळी घेऊन तासाभरात रक्त दिले, अहवाल पॉझिटिव्ह आला, आणि वर्षभर मी स्वतःला हा आजार असल्याचे समजून जगलो. विमा घेताना तो लिहिला, लग्नाची बोलणी चालू होती तिथेही सांगितला. नंतर दुसऱ्या तज्ज्ञांनी माझी गोळी काही दिवस देखरेखीखाली थांबवून पुन्हा तपासले, आणि तिन्ही चाचण्या निगेटिव्ह आल्या. घोणसाच्या विषाच्या चाचणीत ही गोळी स्वतःच होकार देते, असे त्यांनी सांगितले. त्या दिवशी रक्त घेणाऱ्याने ‘कोणती औषधे चालू आहेत’ हा एक प्रश्न विचारला असता, तर ते वर्ष वाचले असते.

कोणीही स्वतःच्या मनाने गोळी थांबवू नये, हे मात्र हात जोडून सांगतो.

संधिकाल

मी संधिवाततज्ज्ञ आहे. वरचे लिखाण वाचले. लघुदर्शींशी पूर्ण सहमत आहे. उपचारांबद्दल आणि निकषांबद्दल थोडे लिहितो.

कृष्णाकाठची यांच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे, की बारा आठवडे ही निदान पक्के करण्याची मुदत आहे, रुग्णाला वाऱ्यावर सोडण्याची नव्हे. ज्याला ताजी गुठळी झाली आहे त्याचा उपचार एक दिवसही थांबत नाही. तुम्हाला गुठळी झालेली नाही, सध्या गर्भ नाही, त्यामुळे आज सुरू करण्यासारखे तातडीचे काही नाही. पण या काळात इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेऊ नयेत, आणि दुसरा अहवाल येईपर्यंत गर्भ राहू देऊ नये. पाय अचानक सुजला, धाप लागली, बोलणे अडखळले, एका बाजूची शक्ती गेली, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

निकषांविषयी इंटरनेटवर गोंधळ फार आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सिडनी निकषांनुसार दहाव्या आठवड्यानंतर निर्दोष घडणीचा एक गर्भ विनाकारण जाणे आणि ४० एककांपेक्षा जास्त कार्डिओलिपिन प्रतिपिंडे दोनदा सापडणे एवढे पुरते. २०२३ च्या नव्या निकषांत गुण मोजतात, आणि तिथे अशा एका गर्भमृत्यूला एकच गुण मिळतो, तर किमान तीन लागतात. म्हणजे एकच स्त्री जुन्या चाळणीत अडकते आणि नव्या चाळणीतून सुटते. पण या दोन्ही चाळण्या संशोधनासाठी एकसारखे रुग्ण निवडता यावेत म्हणून बनवल्या आहेत. समोर बसलेल्या बाईला उपचार द्यायचे की नाही, हे त्या ठरवत नाहीत. ते डॉक्टरने तिचा सगळा इतिहास पाहून ठरवायचे असते, आणि मी स्वतः अशा स्त्रीला उपचाराविना पुढच्या गर्भारपणात जाऊ देणार नाही.

उपचार आहेत, आणि ते साधे आहेत. कमी मात्रेची ॲस्पिरिन आणि सोबत हिपॅरिनची इंजेक्शने. १९९७ मध्ये लंडनला ९० स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात, नुसत्या ॲस्पिरिनवर ४२ टक्के गर्भारपणे जिवंत बाळापर्यंत पोहोचली आणि हिपॅरिनची जोड दिल्यावर ७१ टक्के. पुढचे सगळे अभ्यास इतके ठळक नाहीत, तरी आजही हाच मार्ग प्रमाण मानला जातो.

गुठळी होऊन गेलेल्यांसाठी एक सूचना. तिन्ही प्रतिपिंडे पॉझिटिव्ह असतील, तर वॉरफरिन किंवा ॲसिनोकुमारॉल ही रक्त पातळ करणारी जुनी औषधे आणि नियमित आयएनआर (रक्त किती पातळ झाले ते दाखवणारी तपासणी) हाच भरवशाचा रस्ता आहे. दर महिन्याला रक्त द्यायचा कंटाळा येतो आणि नव्या गोळ्या सोयीच्या वाटतात, हे मला समजते. पण २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इटलीतल्या अभ्यासात अशा रुग्णांपैकी रिव्हारोक्साबॅन घेणाऱ्या ५९ जणांत ११ जणांना गुठळी किंवा मोठा रक्तस्राव असा गंभीर त्रास झाला, वॉरफरिन घेणाऱ्या ६१ जणांत तो दोघांना झाला, आणि अभ्यास मुदतीआधीच थांबवावा लागला. वॉरफरिन घेणाऱ्या स्त्रीने मात्र गर्भाचा विचार करण्याआधीच डॉक्टरांना सांगावे, कारण पहिल्या तिमाहीत ते गर्भाला अपाय करते आणि वेळेत हिपॅरिनवर यावे लागते.

कृष्णाकाठची

साडेनऊ आठवड्यांनी पुन्हा लिहिते आहे. सर्वांचे मनापासून आभार.

या वेळी आम्ही स्वतः लॅबमध्ये गेलो; कार्डिओलिपिनचा आकडा ताडून पाहता यावा म्हणून पहिलीच लॅब ठेवली. इंजेक्शने बंद होऊन तीन महिने झाले होते, ताप नव्हता, सीआरपी आदल्या दिवशी तपासून घेतले होते. रक्त घेणाऱ्या मुलीला मी औषधांची चिठ्ठी दिली, तेव्हा तिने ती वाचून ‘काहीच चालू नाही’ असे अर्जावर लिहिले आणि खाली वेळ घातली. दंडाचा पट्टा तिने रक्त येऊ लागताच सोडला. निळ्या बुचाची नळी खुणेपर्यंत भरली, चार-पाच वेळा हळुवार उलटी-सुलटी केली, आणि माझ्यासमोरच ती आतल्या खोलीत यंत्राकडे नेली. मी दारातून ते यंत्र थांबेपर्यंत पाहत उभी राहिले. ते दुसऱ्यांदा सुरू झालेले ऐकले आणि मगच बाहेर आले.

ल्युपस अँटीकोॲग्युलंट आढळले नाही. बीटा-२ पुन्हा सामान्य. कार्डिओलिपिन आयजीजी ५४.

म्हणजे लघुदर्शींनी ज्यावर शंका घेतली ते खरोखरच खोटे निघाले, आणि जे गंभीरपणे घ्यायला सांगितले ते टिकून राहिले. अहवाल हातात आला तेव्हा रडू येईल असे वाटले होते, पण आले नाही. तीन बाळे का गेली याचे निदान एक कारण तरी आता कागदावर आहे, आणि ते माझ्या जेवण्याखाण्यात, गाडीवर बसण्यात किंवा माहेरच्या कोणात नाही. ल्युपससाठीच्या बाकीच्या तपासण्याही निगेटिव्ह आल्या.

जुनी_शिक्षिका ताई, तुमचा प्रतिसाद मी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग आत जाऊन त्यांनी स्वतःच्या जुन्या बाळंतपणाच्या कागदांची पिशवी आणली आणि माझ्यापुढे ठेवली; त्यांचीही दोन मुले पोटात गेली होती, हे नवऱ्यालाही माहीत नव्हते. माझ्या रक्तातल्या या दोषाशी त्याचा काही संबंध नाही हे मला ठाऊक आहे. तरी आम्ही दोघींनी ते सगळे कागद वाचून काढले.

ॲस्पिरिन पुढच्या महिन्यापासून सुरू होणार आहे, आणि गर्भाचे ठोके दिसले की त्याच दिवसापासून इंजेक्शने. पोटात सुई कशी द्यायची हे नर्सकडून शिकायला येत्या गुरुवारी जायचे आहे. सासूबाई सोबत येणार आहेत. मला जमले नाही, तर सुई देणे त्यांना यायला हवे, असे त्या म्हणाल्या.